पिल्लाचं अर्धं पोट आईकडे असतं

दिवाळीनंतर भडगाव तालुक्यातल्या कितीतरी घरांत कापूस राहायला येतो. वेचणी झालेली असते, भाव पटत नसतो. मग एक खोली छतापर्यंत कापसाने भरते आणि माणसं उरलेल्या जागेत भागवून घेतात. गिरणाकाठच्या थंडीत मांजरीला बाळंतपणासाठी याहून चांगली जागा कुठे मिळणार? मऊ, कोरडी, उबदार आणि वर उंदरांची सोय. पुढे कधीतरी भाव पटतो, दारात गाडी लागते, कापूस उपसायला घेतला जातो आणि ढिगाच्या तळाशी डोळे न उघडलेली तीन-चार पिल्लं वळवळताना दिसतात. गोंगाटाला भिऊन मांजर तोवर पसार झालेली असते. कुणीतरी पिल्लं खोक्यात उचलून ठेवतं आणि घरातली म्हातारी सांगते, "तेले दूध पाज ना माय."

दूध पाजलं जातं. दुसऱ्या दिवशी हगवण लागते, तिसऱ्या दिवशी पिल्लू थंड पडतं. घरचे हळहळतात, पिल्लू मुळातच अशक्त होतं म्हणतात आणि विषय संपतो.

पण त्या तीन दिवसांत पिल्लाच्या पोटात काय घडलं, हे पाहायला गेलं तर थक्क व्हायची वेळ येते. मांजरीच्या पिल्लाच्या अंगात पचनाची सगळी यंत्रणा जन्मतः असतेच असं नाही. पहिले तीन-चार आठवडे तिचा निम्मा भाग आईच्या अंगात असतो: तिच्या पोटाच्या उबेत, तिच्या खरखरीत जिभेत, तिच्या दुधात आणि तिच्या अंगावरच्या जंतूंत. आई गेली की पिल्लाचं अर्धं पोटच गेलं. ते पोट आता आपल्याला व्हायचं असतं.

म्हणूनच पहिला सल्ला, पिल्लं लगेच उचलू नका. मांजर पिल्लं सात घरं फिरवते, असं आपल्याकडे म्हणतात. त्यातला सातचा आकडा सोडला तर बाकी खरंच आहे. पिल्लं स्वच्छ, गुबगुबीत आणि शांत झोपलेली असतील तर आई आसपासच आहे असं समजावं. जागा निवांत करून लांबून काही तास वाट पाहावी, बहुतेकदा ती परत येते. नाहीच आली, तर गल्लीत दुसरी कुणी मांजर नुकतीच व्यायली आहे का, ते विचारावं. व्यालेल्या मांजरी एकमेकींची पिल्लंही पाजतात, आणि तिच्याइतकी तयार दाई बाजारात मिळत नाही. दोन्ही दारं बंद झाली, की मग आपण.

आधी ऊब, मग दूध

नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाचं वजन असतं साधारण १०० ग्रॅम. त्याला थंडी वाजली तरी कुडकुडता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याच्या शरीराचं तापमान ३५ ते ३७ अंश सेल्सियसच्या आसपास असतं, मोठ्या मांजराचं ३८ च्या वर. आणि हे ३५-३७ सुद्धा त्याच्या एकट्याच्या कमाईचं नसतं. त्यातला मोठा वाटा आईच्या पोटाचा आणि अंगावर अंग टाकून झोपलेल्या भावंडांचा असतो.

नवल पुढे आहे. शरीर ३५ अंशांखाली गेलं की आतड्याची हालचाल मंदावते आणि मग जवळजवळ थांबते. पोटात गेलेलं दूध पुढे सरकत नाही. ते तिथेच नासतं, पोट फुगतं, आणि उलटून वर आलं तर श्वासनलिकेत शिरतं. भुकेने ओरडणाऱ्या गार पिल्लाला दूध पाजणं म्हणजे बंद पडलेल्या आतड्यात माल भरणं. म्हणून पिल्लू हाताला गार लागलं, तर आधी ते छातीशी धरा, कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवा, आणि पोट-पाय उबदार लागेपर्यंत तोंडात थेंबही घालू नका. ऊबही हळूहळूच द्यायची. चुलीजवळ किंवा हिटरसमोर ठेवून घाई केली तर पिल्लू दगावू शकतं.

खानदेशाची हवा इथे दोन्ही टोकांनी परीक्षा पाहते. जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा फरशीवरचं खोकं पिल्लाला पुरतं गार करून टाकतं. मे महिन्यात पंचेचाळिशीकडे सरकणाऱ्या उन्हात हेच पिल्लू दोन पातळ शौचांत सुकून जातं. तेव्हा बाटली काढून घ्यायची आणि खोकं माठाजवळच्या गार कोपऱ्यात हलवायचं. खोक्याच्या एका बाजूला ऊब आणि दुसरी बाजू मोकळी ठेवली, तर पिल्लू आपल्या सोयीने सरकतं. डोळे मिटलेले असले तरी ऊब कुठून येते, हे त्याच्या नाकाला पक्कं कळतं.

चार मिलिलिटरचं जग

शंभर ग्रॅमच्या पिल्लाच्या पोटात एका वेळी साधारण चार मिलिलिटर दूध मावतं. चहाच्या चमच्यालाही ते कमी पडतं. दिवसाला त्याला साधारण २० कॅलरी लागतात आणि पिल्लांसाठीच्या तयार दुधाच्या एका मिलिलिटरमध्ये जवळपास एक कॅलरी असते. म्हणजे दिवसाला वीस-बावीस मिलिलिटर, तेही निदान पाच-सहा हप्त्यांत विभागून. पहिल्या आठवड्यात तर दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा.

हातावर वाढवलेल्या पिल्लांना हगवण लागण्याचं एक मोठं कारण आजार नसतोच. ते असतं मायेने पाजलेलं जास्तीचं दूध. पुष्कळ पिल्लं पोट भरलं तरी चोखत राहतात आणि पाजणाऱ्याला वाटतं, अजून भूक आहे. आईकडे ही चूक सहसा होत नाही, कारण तिथे दूध थोडं थोडं आणि वारंवार मिळतं. पहिल्या काही दिवसांतच पिल्लं आपापली आचळं ठरवून घेतात आणि बहुतेक वेळा तिथेच जाऊन लागतात.

पाजताना पिल्लू पालथं ठेवायचं, आईच्या पोटाशी असतं तसं. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं की दूध फुप्फुसात जायची भीती असते. सिरिंजने पाजत असाल तर दट्ट्या दाबून धार सोडू नका. पिल्लू गिळेल तसा एकेक थेंब पुढे येऊ द्या.

या सगळ्या कामात सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा. धडधाकट पिल्लू दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढतं. रोज एकाच वेळी वजन करून वहीत लिहिलं, तर पोट बिघडल्याचं शौचाआधी वहीलाच कळतं. एक दिवस वजन थांबलं तर डोळे उघडे ठेवायचे, घटलं तर डॉक्टर गाठायचे.

वाटीतलं दूध आणि मांजरीचं दूध

मांजर आणि दूध ही जोडी आपल्या डोक्यात इतकी पक्की आहे, की गाईचं दूध मांजराला मानवत नाही हे कुणाला पटत नाही. त्यामागचा हिशेब पाहण्यासारखा आहे.

गाईच्या दुधात प्रथिनं साधारण साडेतीन टक्के असतात, मांजरीच्या दुधात सात टक्क्यांच्या आसपास. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, दोन्हींत फारशी वेगळी नसते, चार-पाच टक्के. मग बिघडतं कुठे? मांजरीचं दूध दाट असतं, त्यातली बरीचशी ऊर्जा प्रथिनं आणि स्निग्धांशातून येते. गाईच्या दुधात मात्र ऊर्जेचा जवळपास तिसरा हिस्सा साखरेचा असतो. तेवढ्याच कॅलरींसाठी गाईचं दूध पाजलं, की पिल्लाच्या आतड्यात सुमारे दुप्पट लॅक्टोज उतरतं. ते फोडणारं लॅक्टेज हे विकर पिल्लाकडे असतं, पण आईच्या दुधापुरतंच. उरलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथे पाणी ओढून घेते, जंतू ती आंबवतात आणि वायू धरतो. एकीकडे हगवण आणि दुसरीकडे कमी प्रथिनांमुळे उपासमार, अशी दुहेरी कोंडी होते. म्हशीच्या दुधात साय भरपूर असते, पण प्रथिनं चारेक टक्केच आणि साखर गाईच्या दुधाइतकीच. त्यात पाणी घातलं तर दूध फक्त पातळ होतं, प्रमाण बदलत नाही. शेळीच्या दुधावर एखाद-दुसरी रात्र निभते, पिल्लू वाढत नाही. पिल्लांसाठीची दुधाची पावडर जळगाव किंवा नाशिकच्या दुकानांतून नाहीतर ऑनलाइन मागवावी लागते. ती डब्यावर लिहिलेल्या मापानेच कालवायची. अंगावर लवकर लागावं म्हणून दाट केलेलं दूधही पोट बिघडवतं.

सहा-सात आठवड्यांनंतर पिल्लाचं लॅक्टेज झपाट्याने कमी होत जातं. सस्तन प्राण्यांची ही सर्वसाधारण रीत आहे आणि माणूसही तिला अपवाद नाही. जगातल्या बहुसंख्य प्रौढांना दूध नीट पचत नाही. ज्यांना पचतं, त्यांच्यात एका जनुकीय बदलामुळे लॅक्टेज आयुष्यभर चालू राहतं. युरोपात आणि भारतात, विशेषतः उत्तर-पश्चिमेला, हा बदल एकच आणि एकाच मुळातून आलेला असल्याचं संशोधकांनी दाखवून दिलं आहे. गुरं पाळणाऱ्या माणसाला दूध पचू लागलं. त्याच्या घरात उंदरांसाठी आलेल्या मांजराला मात्र ती सोय झाली नाही, कारण त्याला तिची गरजच पडली नाही.

आईच्या जिभेचं काम

पहिले तीनेक आठवडे पिल्लाला आपणहून शी-शू करता येत नाही. आई शेपटीखाली चाटते, त्या खरखरीत स्पर्शाने आतली प्रतिक्षिप्त क्रिया जागी होते आणि मगच मूत्राशय व आतडं मोकळं होतं. जे बाहेर पडतं ते आई चाटून घेते, त्यामुळे जागा कोरडी राहते आणि शत्रूला वास लागत नाही. ज्या पिल्लाला आई नाही, त्याचं पोट तुंबण्यामागे अनेकदा एवढंच कारण असतं, त्याला चाटणारं कुणी नसतं.

हे काम कापसाच्या बोळ्याने होतं, आणि कापसाला तर खानदेशात तोटा नाही. कोमट पाण्यात भिजवून पिळलेला बोळा दर पाजणीच्या आधी किंवा नंतर शेपटीखाली हलकेच थोपटत फिरवायचा. काही सेकंदांत पांढऱ्या कापसावर पिवळा डाग उमटतो. तो नीट पाहा, कारण घरबसल्या होणारी याहून चांगली तपासणी नाही. इतक्या लहान पिल्लात पाणी कमी झालंय का, हे कातडी चिमटीत धरून नीट समजत नाही. लघवीचा रंग ते सांगतो. फिकट, जवळपास पाण्यासारखा डाग असला तर ठीक, गडद पिवळा असला तर पिल्लू सुकत चाललंय.

शौचाचंही तसंच वाचन करायचं. दूध पिणाऱ्या पिल्लाची शी मोहरीच्या पिवळ्या रंगाची आणि टूथपेस्टइतकी घट्ट असावी. हिरवट आणि सैल झाली तर अन्न घाईने पुढे सरकतंय, बहुधा जास्त पाजलं जातंय. पांढुरकी, दह्याच्या गुठळ्यांसारखी असली तर दूध न पचता बाहेर पडतंय. पाण्यासारखी, रक्त असलेली किंवा विलक्षण घाण वास येणारी असली तर वाट न पाहता दवाखाना. एखादा दिवस शी झाली नाही तर घाबरायचं कारण नाही. पोट टणक झालं आणि पिल्लू पीत नसलं, तर आहे.

उधारीवरचं संरक्षण

माणसाच्या बाळाला आईची बरीचशी प्रतिपिंडं गर्भातच मिळतात. मांजरीच्या वारेतून ती फारच थोडी पलीकडे जातात. पिल्लाला ती मिळतात जन्मल्यावर, आईच्या पहिल्या दुधातून. त्या वेळी आतड्याची भिंत इतकी मोकळी असते, की प्रतिपिंडांचे मोठमोठे रेणू न तुटता थेट रक्तात शिरतात. हे दार साधारण १६ तासांत बंद होतं. त्या तासांत आईचं दूध न मिळालेल्या पिल्लाच्या रक्तात संरक्षण जवळपास नसतंच. अशा पिल्लांना पशुवैद्य कधी कधी धडधाकट मोठ्या मांजराच्या रक्तातला रस, म्हणजे सीरम, टोचतात. एका मांजराची आजारांची आठवण दुसऱ्याच्या अंगात उतरवता येते, हे पहिल्यांदा कळतं तेव्हा खरं वाटत नाही.

दुसरी उधारी जंतूंची. पिल्लाच्या आतड्यात पहिले रहिवासी येतात ते आईच्या अंगावरून, आचळांवरून, जिभेवरून. ते कोण असतात यावर बरंच अवलंबून असतं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दगावलेली पिल्लं आणि तुलनेने धडधाकट पिल्लं यांची आतडी तपासली. धडधाकट पिल्लांच्या आतड्याच्या भिंतीला एन्टरोकॉकस हिरे नावाचे जंतू चिकटलेले होते, दगावलेल्यांत त्यांच्या जागी त्यांचेच भाऊबंद, एन्टरोकॉकस फिकॅलिस. त्याआधी २०११ मध्ये अशाच कुळातला एक उपयोगी जंतू निवाऱ्यातल्या मांजरांना खाऊ घालून पाहिला गेला. दोन दिवस किंवा त्याहून जास्त हगवण लागलेल्या मांजरांचं प्रमाण तो न मिळालेल्यांत सुमारे २१ टक्के, तर मिळालेल्यांत ७ टक्के होतं. डॉक्टर पिल्लासाठी प्रोबायोटिकची पुडी लिहून देतात, त्यामागचा विचार हा.

आईकडून नको तेही येतं. टॉक्सोकारा हे गोल जंत आईच्या दुधातून पिल्लात उतरतात आणि आतड्यात दहा सेंटिमीटरपर्यंत वाढतात. अंग काटकुळं आणि पोट मात्र नगाऱ्यासारखं, अशा पिल्लात बहुधा तेच असतात. म्हणून दोन-तीन आठवड्यांपासून दर पंधरा दिवसांनी, वजनावर मोजलेलं जंताचं औषध डॉक्टरांकडून घ्यायचं. या जंतांची अंडी माणसाच्या पोटातही जातात, तेव्हा पिल्लं हाताळल्यावर हात धुणं, विशेषतः मुलांचे, हे त्याच औषधाचा भाग समजावं.

सगळ्यात भीती बाळगावी ती मांजरांच्या पार्व्होची, म्हणजे पॅनल्यूकोपेनियाची. हा विषाणू झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर तुटून पडतो, आणि शरीरात अशा पेशी आतड्याच्या अस्तरात आणि अस्थिमज्जेत असतात. म्हणजे पोट आणि पांढऱ्या पेशी दोन्ही एकाच वेळी कोसळतात. घरात तो वर्षभर टिकू शकतो. १९७८ मध्ये जगभरच्या कुत्र्यांत अचानक पसरलेला पार्व्हो याच्याच जवळच्या नातलगातून उपजला. लस सहा ते आठ आठवड्यांपासून देता येते. तोवर नवीन पिल्लू घरातल्या मांजरांपासून वेगळं ठेवणं हाच उपाय.

मीठ, साखर आणि एक छोटं दार

हगवणीत पिल्लू मरतं ते बहुतेकदा पाणी आणि साखर संपल्यामुळे. त्याच्या शरीराचा सुमारे ८० टक्के भाग पाणी असतो आणि यकृतात साठवलेली साखर काही तासांत संपते. आज रात्र काढू आणि सकाळी बघू, हे गणित त्याच्या बाबतीत चालत नाही.

इथे मदतीला येतो तो आतड्याविषयी लागलेला एक शोध. १९६० मध्ये शास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी मांडलं, की आतड्याच्या पेशींत ग्लुकोज आणि सोडियम जोडीनेच आत शिरतात. त्यांच्यामागून पाणी येतं. हगवण लागली तरी हे दार बरंच चालू राहतं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली, सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत कालवून पाजायला लावलं आणि तीस टक्क्यांच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या आसपास आलं. तेच दार मांजरीच्या पिल्लाच्या आतड्यातही असतं. मात्र क्षारांचं पाणी किती आणि कोणतं, हे डॉक्टरांना विचारूनच द्यायचं, आणि गार किंवा मलूल पिल्लाला तोंडाने तर नाहीच. अशा वेळी डॉक्टर मानेमागच्या सैल कातडीखाली कोमट सलाइन सोडतात. तिथे पाण्याचा उंचवटा दिसतो आणि काही तासांत शरीर तो शोषून घेतं.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात रोजचं काम गाई-म्हशींचं आणि शेळ्यांचं. पण शंभर-दोनशे ग्रॅमच्या जिवाचं वजन, वय, पाजण्याचं माप आणि शौचाचा रंग लिहिलेली वही पुढे ठेवली, तर डॉक्टरांचं निम्मं काम झालेलं असतं. जमलं तर ताज्या शौचाचा नमुनाही डबीत न्यावा. कॉक्सिडिया किंवा जिआर्डियासारखे सूक्ष्म परजीवी सूक्ष्मदर्शकाखालीच सापडतात आणि त्यांची औषधं वेगवेगळी असतात.

घरच्या डब्यातली औषधं मात्र नकोत. पॅरासिटामॉल माणसाच्या यकृतात ज्या वाटेने निकामी केलं जातं, ती वाट मांजरात मोडलेली आहे. त्या विकराचं जनुकच बिघडलंय, त्यामुळे एक गोळीसुद्धा जीव घेते. मुलांसाठी आणलेली हगवण थांबवायची औषधंही तितकीच धोक्याची. मांजराचं आणखी एक जनुक असंच मोडलेलं आहे, गोडाची चव ओळखणारं. २००५ मध्ये हे उलगडलं. मांजराला साखर गोड लागतच नाही. लाखो पिढ्या फक्त मांसावर जगलेल्या कुळाने वनस्पतींतली विषं निकामी करायला आणि गोडवा ओळखायला लागणारी ही दोन्ही हत्यारं टाकून दिली असावीत, असं शास्त्रज्ञांना वाटतं.

स्वतःचं पोट

चौथ्या आठवड्यापासून दात येतात, पिल्लू मातीत उकरून स्वतःच शी करू लागतं आणि आईकडचा एकेक अवयव जणू त्याच्या अंगात येत जातो. पोट बिघडण्याची दुसरी लाट याच वेळी येते, कारण आपण घाई करतो. दूध-पोळी कुस्करून दिली, तर पिठातला स्टार्च पचवणारं विकर मांजराच्या लाळेत नसतंच आणि स्वादुपिंडातही थोडंच असतं. भाजीच्या रश्शातला कांदा-लसूण तर त्याच्या रक्तपेशी फोडतो. पिल्लांसाठीचं मऊ खाद्य पावडरीच्या दुधात कालवून, आठवडाभरात हळूहळू प्रमाण वाढवत न्यायचं. बिनमिठाचं उकडलेलं चिकन चवीपुरतं चालतं. फक्त त्यावर मांजर वाढत नाही, कारण त्याला लागणारं टॉरिन हे पोषकद्रव्य उकळताना पाण्यात उतरतं आणि ते कमी पडलं की डोळ्यांचा पडदा झिजतो, हे १९७५ पासून माहीत आहे.

आठ आठवड्यांचं पिल्लू घर शोधायला तयार होतं. त्याच्या आतड्यातली विकरं आणि जंतू आता त्याच्या रोजच्या खाण्याला जुळलेले असतात. नव्या घरी पहिल्याच दिवशी ताटलीत भलतंच काही पडलं, तर पुन्हा हगवण ठरलेली. म्हणून पिल्लासोबत आठवडाभराचं खाद्य आणि वजनाची वही द्या. नेणाऱ्याला पिल्लाचं नाव सांगायचं राहिलं तरी चालेल, ते काय खातं ते मात्र सांगूनच पाठवा.